घरकुलाची जागा पाया खोदायच्या आधी कशी तपासावी? (मराठवाड्यातले अनुभव हवेत)

तेरणाकाठ

नमस्कार मंडळी,

धाराशिव-लातूरकडे भूमिहीन कुटुंबांच्या घरकुलांसाठी ग्रामपंचायती ज्या जागा सुचवतात, त्या बघून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे असतं. शिक्षणाने सिव्हिल इंजिनिअर. घर कसं बांधावं यावर भरपूर लिहिलं-बोललं जातं, पण ते कुठे बांधावं यावर कुणी फारसं बोलत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार मिळतात, वर रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं. ज्याला जागाच नाही त्याच्यासाठी राज्याची दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. तिचे पूर्वी ५० हजार होते, आता १ लाखापर्यंत मिळतात. नाहीतर मग गावालगत सरकारी जमीन बघून वीस-चाळीस घरं एका ठिकाणी बसवायची. माझा प्रश्न या एकत्र वसाहतींबद्दल आहे. इथे जागा चुकली की अख्खी वस्ती चुकते.

कायद्याने पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते ती २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) अधिसूचनेनुसार २० हजार चौरस मीटर बांधकामापासून पुढे. चाळीस घरकुलं मिळून जेमतेम हजार चौरस मीटर होतात, म्हणजे आपण त्या कायद्याच्या आसपासही नाही. जागतिक बँकेच्या पैशातून होणाऱ्या कामांना २०१८ पासून त्यांची पर्यावरण-सामाजिक चौकट लागू आहे. दहा मानकं आहेत, जमीन घेताना कुणाचं नुकसान होतंय इथपासून तक्रार कुठे करायची इथपर्यंत सगळं त्यात येतं. आपल्या घरकुलाला मात्र यातलं काहीच सक्तीचं नाही. हातात असतो तो एक छापील नमुना, हो-नाहीच्या रकान्यांचा. "जागा पूरप्रवण आहे का? नाही." "कुणी विस्थापित होणार आहे का? नाही." पंचायत समितीच्या टेबलावर बसून तो दहा मिनिटांत भरता येतो, आणि बऱ्याचदा तसाच भरला जातो.

मी काय करते ते सांगते. जागेवर गेल्यावर आधी ओढा शोधते. उन्हाळ्यात मराठवाड्यातला ओढा ओढा वाटतच नाही, पायवाट वाटते. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषा मोठ्या नद्यांना आहेत, गावओढ्याला कोण आखणार? तिथे काठावरच्या बाभळी बघायच्या. मागच्या पुरात वाहून आलेला पाचोळा, चिंध्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे फांद्यांत अडकून वाळलेले असतात. ते जमिनीपासून किती उंचीवर आहेत ते टेपने मोजायचं. एका सुचवलेल्या जागेवर हा कचरा माझ्या खांद्याच्या वर होता, आणि नमुन्यात "पूरप्रवण: नाही" आधीच लिहून ठेवलेलं होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा या सगळ्यांनीच पात्र सोडलं तेव्हा नदीकाठाबरोबर अशा बिननावाच्या ओढ्यांकाठची घरंही पाण्यात गेली.

दुसरं, डोक्यावरच्या तारा. ३३ केव्हीची लाइन असेल तर घरापासून आडवं अंतर किमान २ मीटर आणि छतापासून उभं ३.७ मीटर लागतं. ११ केव्हीला आडवं १.२ मीटर चालतं, उभं तेवढंच. हे आजच्या घराला जुळतं म्हणून जागा पास होते. पण पाच वर्षांनी माणूस वर पत्र्याची खोली काढतोच, त्याचा हिशोब आजच धरायला हवा.

तिसरं पाणी, चौथं माती, पाचवं त्या जागेवर आज कोण वावरतंय. शेवटचं सगळ्यात अवघड.

माझं म्हणणं एवढंच आहे की तपासणीअंती जागा नाकारता आली पाहिजे, आणि नाकारायचा हक्क तिथे राहायला जाणाऱ्या माणसांनाही हवा. आज तो दोघांनाही नाही. यादी मंजूर, उद्दिष्ट ठरलेलं, जिओटॅगचा फोटो टाकायचा राहिलेला, आणि अशा वेळी मला जागा बघायला पाठवतात.

तुमच्याकडे काय घडलं ते लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

भूकंपपिढी

ताई, धागा काढलात ते बरं केलंत.

मी औसा तालुक्यातल्या पुनर्वसित गावात वाढलो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात जे झालं ते इथे सगळ्यांना माहीत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. त्या वेळच्या नकाशात आमचा भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या क्षेत्रात, म्हणजे झोन १ मध्ये होता. पुढे तो झोन ३ मध्ये आला. सांगायचा मुद्दा, सरकारी नकाशात "धोका नाही" लिहिलंय म्हणून प्रश्न मिटत नाही.

५२ गावं पूर्ण उठवून नव्या जागी वसवली. घरं जमिनीच्या हिशोबाने मिळाली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त असेल तर ७५०. बांधकाम पक्कं होतं, त्याबद्दल तक्रार नाही, आजही उभी आहेत. जागेबद्दल आणि मांडणीबद्दल मात्र आमच्या आजीने शेवटपर्यंत तक्रार केली.

जुनं गाव दाटीचं. वाड्याला वाडा लागून, गल्ली एवढी अरुंद की उन्हाळ्यात दुपारीही सावली असायची. नवं गाव चौकटीत आखलेलं, रुंद सरळ रस्ते, घरं लांब लांब. आखणाऱ्याला शहराची कॉलनी डोळ्यासमोर असावी. गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरलं. एवढे रस्ते दुरुस्त करायचे, एवढ्या नाल्या उपसायच्या, एवढे दिवे लावायचे तर ग्रामपंचायतीचं उत्पन्न तेच राहिलेलं. शेत लांब गेलं. गोठा नाही, कडब्याची गंज रचायला जागा नाही, म्हणून एकेकाने घरासमोर पत्रे ठोकले. बायकांना भावकी-शेजार तुटल्याचं जास्त लागलं. कोण कुणाशेजारी हे कागदावर ठरलं होतं.

नवीन जागा म्हणजे कुणाची तरी चालती शेती होती, हेही लिहून ठेवतो. ज्यांची जमीन त्यात गेली त्यांचा हिशोब आजही गावात निघतो.

यातून माझ्या मते तुमच्या नमुन्यात दोन प्रश्न वाढवा. जनावरं कुठे बांधणार? आणि शेजार कोण निवडणार?

बालाघाट

बीड जिल्ह्यातून लिहितोय. मी पाच वर्षं सरपंच होतो.

ताई, सगळं बरोबर हाय तुमचं, पण लोकांना विचारायचं म्हणता तर कवा विचारायचं ते बी सांगा. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव कोयत्याला, म्हंजी ऊस तोडायला जातं. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. येतेत ते पाडव्याच्या पुढं-मागं. घरकुलाच्या यादीत जास्त नावं कुणाची? ह्याच लोकांची. आणि जागेचा ठराव होतो कवा? २६ जानेवारीच्या ग्रामसभेत. गावात म्हातारी माणसं अन् लेकरं राहिलेली असतेत. रजिस्टरवर सह्या होतेत, "सर्वानुमते मंजूर". तिकडं माणूस फडात, त्याला पत्ता बी नसतो की आपलं घर स्मशानाच्या पलीकडं चाललंय.

मी सरपंच असताना जागेचा विषय १ मेच्या सभेला घेतला. टोळ्या परतलेल्या होत्या. सभा चार तास चालली, भांडणं झाली, पर जागा बदलली. आधीची जागा डांबरी रोडला लागून होती म्हणून सगळ्यांना बरी वाटत होती. बाया म्हणल्या, तिथून आडाचं पाणी आणायला रोड ओलांडायचा, लेकरं शाळेला जाताना ट्रक अंगावर येतेत, नको. आम्ही बाप्ये माणसं रोडकडंच बघत होतो.

तेरणाकाठ

@बालाघाट, दादा, हा मुद्दा मी अहवालाच्या नमुन्यात पहिल्याच पानावर घालणार. वैधानिक ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला असतात. ऊसतोडीच्या गावात यातल्या १ मे आणि १५ ऑगस्ट या दोन तरी खऱ्या अर्थाने भरतात. जागेचा ठराव या दोनपैकी एका सभेतच घ्यावा, असं जिल्हा पातळीवरून पत्र निघालं तर त्याला एक रुपया खर्च येत नाही.

@भूकंपपिढी, शेजाराचा प्रश्न घेते. तीन-चार कुटुंबांनी मिळून एकत्र चिठ्ठी टाकायची, म्हणजे भावकी किंवा मैत्रीतली घरं शेजारी येतात. चिठ्ठीही निघते आणि कुणी वशिल्याचा आरोप करत नाही.

मंडळ_निवृत्त

महसूल खात्यात होतो, आता निवृत्त. तपासणी म्हटलं की सगळे माती-पाणी बघतात, कागद शेवटी बघतात. माझं मत उलट आहे. कागद आधी बघा, कारण कागदात अडकलेल्या जागेवर घरकुलाचा दुसरा हप्ता येईपर्यंत कोर्टाचा मनाईहुकूम येऊ शकतो.

मराठवाड्याचं दप्तर निजामाच्या राजवटीतून आलेलं. नुसता आजचा सातबारा बघून चालत नाही. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक काढा. त्यात जमीन मदतमाश, खिदमतमाश अशी इनामाची दिसली तर थांबा. हैदराबादचा इनाम रद्द करण्याचा कायदा १९५४ चा, पण देवस्थानाच्या आणि वक्फच्या सेवा-इनाम जमिनींचे वाद अजून चालू आहेत. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय खरेदीच होत नाही. जागा खरेदी योजनेत एखादा भूमिहीन माणूस साध्या बाँडवर इसार देऊन बसतो आणि पैसे अडकतात. त्याला कुणी आधी सांगत नाही.

गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जागा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४२-ड मुळे अकृषिकचा मार्ग सोपा आहे. म्हणून शक्यतो तिथेच शोधा. लोकही गावाजवळ राहतात.

आता गायरान. गायरान मोकळं दिसतं म्हणून सगळ्यांचं बोट तिकडेच जातं. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जानेवारी २०११ च्या जगपालसिंग निकालाने गावाच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितलं आहे. त्याच निकालात अपवादही आहे: भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने पट्टा दिलेला असेल, किंवा तिथे शाळा, दवाखान्यासारखी सार्वजनिक सोय आधीच असेल, तर नियमित करता येतं. लोक अर्धाच निकाल सांगतात. निवासी अतिक्रमण १ जानेवारी २०११ पूर्वीचं असेल तर राज्याचं नियमित करण्याचं धोरण आहे. तेव्हा त्या जागेवर आज कुणाची झोपडी असेल तर "अतिक्रमण, हटवा" असा शेरा मारण्याआधी तो माणूस कधीपासून आहे याचा पुरावा बघा. वीजबिल, नमुना ८ चा उतारा, मतदारयादी, जे असेल ते.

आणखी एक. बक्षीसपत्राने मिळालेली जागा दिसली की मी सावध होतो. गावातला मोठा माणूस "गरिबांसाठी अर्धा एकर दिली" म्हणतो, ती बहुधा त्याच्याच शेतातली पाणी साठणारी पट्टी असते. कधी उलटंही होतं. दोन एकरवाल्यावर गावाचा दबाव येतो आणि तो नाइलाजाने सही करतो. दान देणाऱ्याला घरी जाऊन, एकट्याला विचारावं. सभेत कुणी "नाही" म्हणत नाही.

रानवाट

काका, गायरानाचं तुम्ही नीट सांगितलंत. त्यात भर घालते. मी पारधी आणि इतर भटक्या कुटुंबांसोबत काम करते, जालना-बीड भागात.

मराठवाड्यात गायरान कसणारी बरीच कुटुंबं दलित आणि भटकी आहेत. १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा शासननिर्णय १९९१ मध्ये निघाला, तरी कित्येकांच्या नावावर सातबारा आजही झालेला नाही. म्हणजे कागदावर जमीन मोकळी, प्रत्यक्षात तिथे एखाद्या बाईची ज्वारी उभी. घरकुलांच्या वसाहतीसाठी ती जमीन घेतली की एका गरिबाला घर मिळतं आणि दुसऱ्या गरिबाची भाकरी जाते. नमुन्यात "विस्थापन: नाही" लिहिलं जातं, कारण तिचं नाव कुठेच नाही. जागेची पाहणी एकदा पेरणीनंतर आणि एकदा काढणीनंतर झाली पाहिजे. नुसती मार्चमध्ये गेलं तर रान रिकामंच दिसणार.

चराई हा दुसरा मुद्दा. धनगर वाडे, म्हणजे मेंढपाळांचे तळ, वर्षातून ठराविक दिवसच तिथे उतरतात. ते कोणत्या महिन्यात येतात ते गावात कुणालाही विचारलं तरी सांगतात, फक्त विचारलं पाहिजे.

आणि दफनभूमी. भटक्यांमधल्या अनेक जमाती पुरतात. लिंगायत समाजातही पुरतात. गावाच्या स्मशानात भटक्यांना जागा देत नाहीत म्हणून माळाच्या एका कोपऱ्यात दगड रचलेले असतात, ना फाटक ना पाटी. जेसीबीवाल्याला तो दगडांचा ढीग दिसतो. एका माळावर सपाटीकरण चालू असताना एक म्हातारी जेसीबीच्या बकेटसमोर येऊन बसली होती. तिच्या दोन लेकरांची माती तिथे होती. काम थांबलं, आराखडा सरकवला, दोन गुंठे सोडले. आधी आठ दिवस कुणी तिच्या पालावर जाऊन बसलं असतं तर तिला तिथे येऊन बसावं लागलं नसतं.

पारधी कुटुंबांच्या जागेची तपासणी करताना मी आणखी एक गोष्ट बघते, ती म्हणजे गाव त्यांना राहू देईल का. पूर्वी कधी पाल उठवली आहे का, पोलिसात काय नोंदी आहेत, शाळेत पोरं घेतात का. सगळ्या सोयींची जागा आहे आणि शेजारच्या वस्तीने विरोधाचं निवेदन दिलंय, तर ती जागा सुरक्षित कशी म्हणायची? म्हणून त्यांना गावापासून दोन किलोमीटर माळावर टाका असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. वेळ लागला तरी चालेल, बोलणी करावी लागतात. गावकुसाबाहेरची आणखी एक वस्ती सरकारी पैशाने वसवायची नाही.

सरळमार्गी

सगळे प्रतिसाद वाचले. मुद्दे खरे आहेत, पण मला काळजी वेगळी आहे. आमच्या गावात लोक सात-आठ वर्षं यादीत नाव लागायची वाट बघत होते. कुडाच्या घरात पावसाळे काढतायत. आता जागा मिळते आहे तर त्यात पेरणीनंतर एक पाहणी, काढणीनंतर एक, खासरा पत्रक, मातीचा नमुना, असं करत गेलो तर एक वर्ष जाईल. सिमेंट-लोखंडाचे भाव थांबत नाहीत. १ लाख २० हजारात आजच घर होत नाही, उद्या कसं होईल? शिवाय उद्दिष्ट पूर्ण झालं नाही तर ते दुसऱ्या गावाला वळतं. गरिबाला विचारा, तो म्हणेल जशी आहे तशी द्या.

तेरणाकाठ

@सरळमार्गी, तुमची काळजी रास्त आहे. वाट बघणाऱ्या माणसाला "थांबा, तपासतोय" सांगायला मलाही जड जातं.

पण उशीर कशाने होतो ते बघा. भूमिहीनांची नावं यादीत कित्येक वर्षं पडून असतात. त्या काळात जागेकडे कुणी फिरकत नाही. मंजुरी आली, १५ हजारांचा पहिला हप्ता पडला, की मग धावपळ. जागेची तपासणी यादीसोबतच सुरू केली तर घराला एक दिवसही उशीर होत नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने गावठाणालगतच्या दोन-तीन जागा आधीच तपासून ठेवाव्यात, त्यांच्यावर दोन हंगाम नजर ठेवावी. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी झालीच आहे, ते नकाशे हाताशी घेऊन कुठे काय मोकळं आहे ते बघता येतं.

"जशी आहे तशी द्या" म्हणणारी माणसंही मला भेटतात. त्यांना मी त्या बाभळीपाशी नेऊन कचऱ्याची उंची दाखवते आणि मग विचारते. बहुतेकांचं उत्तर बदलतं. कुणाचं बदलत नाही, तेही मी लिहून घेते, पण माहिती मिळाल्यावरचं "हो" आणि माहिती नसतानाचं "हो" एकाच रकान्यात टाकायला मी तयार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी धरणाच्या पट्ट्यातल्या हसनाळ, रावणगावमध्ये रातोरात पाणी शिरलं, माणसं गेली, जनावरं गेली. नव्या जागी स्थलांतर पुरं व्हायच्या आत पाणी आलं. जागेचा प्रश्न लोंबकळत ठेवला की काय होतं ते तिथे दिसलं. त्यामुळे तपासणी लांबवा असं मी म्हणतच नाही, लवकर करा म्हणते.

ओळंबा

मिस्तरी आहे, लातूर-निलंगा पट्ट्यात कामं करतो. मातीचं मी सांगतो.

आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये भेगा एवढ्या पडतात की मनगटापर्यंत हात आत जातो. घरकुलवाला पैसे वाचवायला अडीच-तीन फूट पाया घेतो, काळीतच. पहिल्या दोन वर्षांत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी चीर निघते. लोक म्हणतात मिस्तरीने माल खाल्ला. माल बरोबर असतो, खालची जमीन हललेली असते.

जागा ठरवायच्या आधी चार कोपऱ्यांना आणि मधे एक असे खड्डे घ्या, मुरूम लागेपर्यंत. चार फुटांवर मुरूम लागला तर जागा चांगली. सात-आठ फुटांवरही काळीच असेल तर त्या पैशात पाया होत नाही, सरळ सांगा. काळी उपसून मुरूम भरायचा, थर थर पाणी मारून ठोकायचा, वर प्लिंथ बीम घ्यायची. प्लिंथच्या भोवती फरशी किंवा मुरमाची पट्टी करून पाणी पायापासून लांब काढायचं. कॉलनी असेल तर हा खर्च चाळीस घरांना गुणून बघा. कधी कधी माळाची खडकाळ जागा लांब असली तरी स्वस्त पडते.

माती किती फुगते ते बघायची सोपी रीत आमच्या इंजिनिअर साहेबांनी दाखवली होती. बारीक चाळलेली दहा ग्रॅम माती दोन काचेच्या मोजपात्रांत टाकायची. एकात पाणी, एकात रॉकेल. दुसऱ्या दिवशी बघायचं. रॉकेलमधली माती तशीच राहते, पाण्यातली वर चढते. फरक डोळ्यांना दिसतो. लाभार्थ्यांना हे एकदा दाखवलं की पुढे पायाच्या खोलीवर कुणी वाद घालत नाही.

शौचालयाच्या दोन खड्ड्यांचं पण जागेबरोबरच बघा. काळीत पाणी जिरत नाही. खड्ड्याच्या बाहेरून चहूबाजूंनी फूटभर वाळू, खडी किंवा विटांचे तुकडे भरायचे, तरच चालतो. आणि विहीर-बोअरपासून किमान १० मीटर लांब. ५०० चौरस फुटांच्या तुकड्यात घर, दोन खड्डे आणि शेजाऱ्याचा बोअर एवढं बसतं का ते कागदावर आखून बघा. नाही बसत बऱ्याचदा.

तेरणाकाठ

ओळंबादादा, फार मोलाचं लिहिलंत. तुमचे पाच खड्डे मी आराखड्याच्या आधीच्या टप्प्यात घेते. तेच खड्डे पाणी भरून ठेवले की किती वेळात जिरतं तेही कळतं, म्हणजे शौचालयाचं उत्तरही तिथेच मिळतं.

पाण्याबद्दल मी वर एका शब्दात आटोपलं होतं. जलजीवन मिशनचा हिशोब माणशी रोज ५५ लिटरचा आहे. चाळीस घरं म्हणजे साधारण दोनशे माणसं, रोजचे ११ हजार लिटर. हे पाणी मे महिन्यात कुठून येणार, हे विचारायचं. "बोअर पाडू" हे उत्तर आपल्याकडे पुरत नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या भागात आपण बोलतोय. बोअर असला तरी पाणी तपासून घ्यावं. फ्लोराइड १.५ आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल तर ते पिण्याचं पाणी नाही. नवी वस्ती एकाच बोअरवर उभी करून ठेवायची आणि तो खारा किंवा फ्लोराइडचा निघाला, तर डोक्यावरून पाणी बाईनेच आणायचं आहे. बांधकामालाही पाणी लागतं. एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकून पाणी न मारलेली घरं मी बघितली आहेत, ती पुढे गळतातच.

भूकंपपिढी

एक विचारायचं राहिलं. आमच्या भागात जुन्या पांढरीच्या, म्हणजे पूर्वीच्या मोडलेल्या वस्तीच्या टेकाडावर घरं बसवायची टूम निघाली आहे, उंच आहे आणि ग्रामपंचायतीची आहे म्हणून. खणताना जुन्या विटा, खापरं निघतात. चालेल का?

मंडळ_निवृत्त

पांढरीला हात लावू नका. एक तर ती भर असते, राख, माती, ढासळलेल्या भिंती, घट्ट जमीन नव्हे. दुसरं, तेर, पैठण, भोकरदन यांच्यासारखी जुनी नगरं याच मराठवाड्यात आहेत. खापर निघालं की काम थांबवून तहसीलला आणि पुरातत्त्व खात्याला कळवायचं. जवळ केंद्रसंरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करताच येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. नळदुर्ग, परंडा, औसा या किल्ल्यांजवळच्या गावांनी जागा सुचवण्याआधी किल्ल्याचं संरक्षण कुणाकडे आहे ते विचारून घ्यावं.

बालाघाट

ताई, आता आमच्या गावाचंच विचारतो. १८ घरं बसवायची हायेत. दोन जागा हायेत. एक ओढ्याच्या अलीकडं, शाळेजवळ, काळी जमीन, सरकारी. दुसरी माळावर, मुरमाड, गावापासून पाऊण किलोमीटर, रस्ता कच्चा, तिथं दोन घरं गायरान कसतेत. १ मेच्या सभेत ठराव घ्यायचाय. काय करावं?

तेरणाकाठ

दादा, दोन्ही जागा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत, पण मी असते तर हे करीन.

टोळ्या परतल्या की १८ कुटुंबांतल्या बाया-माणसांना दोन्ही जागांवर घेऊन जा, सभेच्या आधी. ओढ्याच्या जागेवर २०२५ चं पाणी कुठवर आलं होतं ते त्यांनाच दाखवायला सांगा आणि तिथे खुंट्या ठोका. खुंटीच्या वर, थोडं अंतर सोडून १८ घरं बसत असतील तर त्या बाजूला खड्डे घेऊन मुरूम बघा. सगळीच घरं बसायला हवीत असं नाही, दहा तिथे आणि आठ गावठाणात कुणाच्या पडीक घराच्या जागी, असंही जमतं का बघा. शाळेजवळ राहणं लेकरांसाठी मोठी गोष्ट आहे, ती सहज सोडू नका.

माळावरच्या दोन घरांकडे आधी तुम्ही आणि एक बाई सदस्य मिळून जा. ते किती वर्षांपासून कसतात, कागद काय आहे ते मंडळकाकांनी सांगितल्याप्रमाणे बघा. त्यांची पिकाखालची जमीन सोडून बाजूची पडीक पुरते का ते मोजा. नाही पुरली तर ती जागा यादीतून काढा, आणि सभेत तसं कारण लिहून ठराव करा. माळच ठरला तर ठरावात रस्ता, दिवे आणि नळाची जोडणी घरांच्या आधी, असं वाक्य घालून घ्या. नंतर ते कुणी करत नाही.

खुंट्या ठोकल्या की फोटो टाका. मी सभेच्या आधी एकदा येऊन जाईन, ओळंबादादांना वेळ असेल तर त्यांनाही सोबत घेते.

ओळंबा

येतो ताई. पहार आणि टिकाव माझ्याकडे आहे, खड्डे घ्यायला गावातली चार पोरं लागतील.

बालाघाट

पोरं हायेत. पाडव्यानंतरचा कुठला बी दिवस सांगा.